मुक्या सोबत्यासह वर्षभराच्या सुट्ट्या

नव्या वर्षाची दिनदर्शिका भिंतीवर लागली, की घरातील लहानथोरांची दृष्टी प्रथम तांबड्या आकड्यांकडे वळते. कोणती सुट्टी रविवारी येऊन फुकट गेली आणि कोणती सोमवारी आल्यामुळे सलग तीन दिवस हाती लागले, याचा हिशेब मोठ्या आवडीने केला जातो. मामाचे गाव, देवदर्शन, समुद्रकिनारा, एखादा धबधबा असे बेत रंगू लागतात. या चर्चेत घरातील एक सभासद मात्र भाग घेत नाही. तो उंबरठ्याशी अंगाचे मुटकुळे करून पडलेला असतो. माळ्यावरची प्रवासाची पेटी खाली आली, की त्याचे कान टवकारतात आणि शेपूट हलू लागते. परंतु आपल्याला बरोबर नेणार, की मागे ठेवणार, हे त्याला विचारता येत नाही. त्याच्या वतीने विचार करण्याचे काम त्यामुळे आपल्याकडेच येते.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या गोव्यात शहरांत आणि खेड्यांत कुत्रा पाळणारी घरे पुष्कळ आहेत. अशा घरांत सुट्टीच्या वेळी दोन प्रकारची वर्तणूक दिसून येते. काही मंडळी प्रेमाच्या भरात कुत्र्याला सर्वत्र घेऊन जातात. तापलेल्या वाळूत, जत्रेच्या गर्दीत, ढोलताशांच्या गजरातही तो बरोबर हवाच, असा त्यांचा आग्रह असतो. दुसरी मंडळी भाताचे भांडे आणि पाण्याचे घमेले अंगणात ठेवून, फाटकाला कुलूप लावून निश्चिंत मनाने निघून जातात. पहिल्यांच्या ठिकाणी माया असते, दुसऱ्यांच्या ठिकाणी सोय असते. नियोजन मात्र दोघांच्याही ठिकाणी नसते.

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वातील कथा आपण सर्व जाणतो. मागोमाग आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात पाऊल ठेवण्यास धर्मराजाने नकार दिला. या कथेचा आधार घेऊन कुत्र्याला सर्वत्र नेण्याचे समर्थन करणारे भेटतात. पण कथेचे मर्म बारकाईने पाहावे. धर्मराजाने कुत्र्याला टाकले नाही, एवढेच ती कथा सांगते. न टाकणे आणि सर्वत्र नेणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. कोणत्या सुट्टीस त्याला बरोबर न्यावे, कोणत्या सुट्टीस घरी चांगल्या हाती सोपवावे आणि कोणत्या सुट्टीस आपणच त्याच्यापाशी थांबावे, हे वर्षारंभीच ठरवणे, याला मी न टाकणे म्हणतो.

आता हे ठरवावे कसे, ते क्रमाने पाहू. आपल्या सार्वजनिक सुट्ट्या दोन प्रकारच्या आहेत. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, १९ डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन आणि २५ डिसेंबरचा नाताळ या सुट्ट्या इंग्रजी तारखेला बांधलेल्या आहेत; त्या दिवशी ऋतू कोणता असेल, हे आधीच निश्चित असते. शिवरात्र, शिगमा, पाडवा, चतुर्थी, दसरा आणि दिवाळी हे सण चंद्राच्या गतीने चालतात. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे ते दरसाल दहाअकरा दिवस अलीकडे सरकतात आणि अधिक मास आला, की पुन्हा पुढे जातात. म्हणूनच चतुर्थी कधी ऑगस्टच्या अखेरीस, तर कधी सप्टेंबरच्या मध्यावर येते. मनुष्य सणाचे नाव पाहून बेत आखतो. कुत्र्याला सणाचे नाव ठाऊक नसते. ऊन, पाऊस, आवाज आणि गर्दी एवढ्याच गोष्टी त्याच्या अनुभवाच्या असतात. दिनदर्शिकेतील प्रत्येक तांबड्या आकड्याशेजारी पेन्सिलीने या चार गोष्टींची नोंद करावी. अर्धे नियोजन तेथेच होते.

यांपैकी उन्हाचा विचार प्रथम करू. कारण आपल्या हवेत सर्वांत अधिक धोका त्याचाच आहे. कुत्र्याच्या शरीराचे स्वाभाविक तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे आपल्यापेक्षा थोडे अधिक असते. आपल्याला सर्वांगाला घाम येतो आणि तो वाळताना अंग निवते. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना, आणि तोही अत्यल्प. त्याचे अंग निवण्याचा खरा मार्ग म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणे. हवा दमट असली, की जिभेवरील ओलावा लवकर उडत नाही आणि हा मार्गही मंदावतो. किनाऱ्यावरची दमट हवा आपल्याला नुसती त्रासदायक वाटते. कुत्र्याला ती धोक्याची ठरते. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींचा श्वासमार्गच अरुंद असल्याने त्यांना उन्हाळ्यात प्रवास घडवूच नये. दाट केसांच्या थंड मुलखातील जातींचीही तीच गोष्ट. आपला गावठी कुत्रा किंवा बागलकोट जिल्ह्यातील मुधोळचा शिकारी कुत्रा या हवेला अधिक सरावलेला असतो. तथापि सरावलेला म्हणजे अभेद्य नव्हे.

उभ्या मोटारीत कुत्र्याला बंद करून जाणे ही तर साक्षात प्राणावरची गोष्ट आहे. बाहेर ३२ अंश तापमान असताना बंद मोटारीत अवघ्या दहा मिनिटांत ते ४३ अंशांच्या आसपास पोहोचते आणि अर्ध्या तासात ५० अंशांपर्यंत जाते. काच बोटभर उघडी ठेवल्याने यात फारसा फरक पडत नाही. देवळात पाच मिनिटे दर्शन घेऊन येतो, असे म्हणणाऱ्याला रांगेत अर्धा तास लागतो, हे आपण सारे जाणतो. कुत्रा बेसुमार धापा टाकू लागला, त्याच्या तोंडातून चिकट लाळ गळू लागली, हिरड्या लालभडक झाल्या, पावले अडखळू लागली, तर उष्माघात समजावा. त्याला तत्काळ सावलीत न्यावे, पोट, काखा आणि पंजे साध्या थंड पाण्याने भिजवावे, वारा घालावा, शुद्धीवर असेल तर थोडे थोडे पाणी पाजावे आणि विलंब न लावता पशुवैद्याकडे न्यावे.

प्रवासापूर्वीची दुसरी तयारी लसीची. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील लस प्रथम दिली आणि तो मुलगा वाचला. त्या घटनेला आता शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की रुग्ण वाचणे आजही जवळजवळ अशक्य आहे. म्हणून भर असतो तो प्रतिबंधावर. आपल्या गोव्यात शासन आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी गावोगाव फिरून हजारो कुत्र्यांना लस टोचली; त्यामुळे कुत्र्यांतील या रोगाचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय अभ्यासात दाखवून देण्यात आले. हे यश एकेका कुत्र्याच्या लसीवर उभे आहे. ज्याला लस दिलेली नाही, असा कुत्रा सुट्टीच्या निमित्ताने गावोगाव फिरवणे म्हणजे त्या यशाला छिद्र पाडणे होय.

पिल्लाला साधारणपणे तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची पहिली लस देतात आणि पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने ती पुनःपुन्हा द्यावी लागते. लस दिल्यानंतर अंगात प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास काही आठवडे जातात. निघण्याच्या आदल्या दिवशी सुई टोचून घेणे त्यामुळे निरर्थक आहे. किमान एक महिना हाती ठेवावा. डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरोसिस या रोगांवरील लसीही याच वेळी विचारून घ्याव्यात. लसीकरणाची पुस्तिका प्रवासात नेहमी जवळ असावी. गळपट्ट्यावर घरचा दूरध्वनी क्रमांक असावा आणि कुत्र्याचे अलीकडचे छायाचित्र आपल्याजवळ असावे. हरवलेल्या कुत्र्याचे वर्णन शब्दांत करू गेल्यास गावातले निम्मे कुत्रे त्यात बसतात.

आता वाहनाचा प्रश्न. आगगाडीने जावयाचे असल्यास नियम स्पष्ट आहेत. पहिल्या वर्गात दोन शय्यांची किंवा चार शय्यांची संपूर्ण खोली आपल्या नावे राखून ठेवली असेल, तरच कुत्र्याला आपल्याजवळ ठेवता येते. शयनयान, खुर्चीयान किंवा वातानुकूलित दुसऱ्या व तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत त्याला नेता येत नाही. उरतो तो गार्डाच्या डब्यातील कुत्र्यांसाठी असलेला खण. त्यासाठी स्थानकावरील पार्सल कचेरीत आधी जाऊन नोंद करावी लागते. त्या खणात तास दोन तास काढणे वेगळे आणि अनोळखी खडखडाटात सारा दिवस व रात्र काढणे वेगळे. दिवाळी किंवा नाताळच्या गर्दीत स्वतंत्र खोली मिळेलच, असा भरवसा नसतो. म्हणून कोकण रेल्वेने लांबचा प्रवास करणाऱ्यांनी कुत्र्याला न्यावे की नाही, याचा निर्णय तिकीट काढण्यापूर्वीच करावा, फलाटावर नव्हे.

मोटारीने जाताना निघण्यापूर्वी तीनचार तास त्याला भरपेट खाऊ घालू नये. घाटातील वळणांनी त्याला ओकारी होते. दर दोन तासांनी गाडी थांबवून पाणी पाजावे आणि साखळी धरून चार पावले फिरवावे. खिडकीतून मान बाहेर काढून वारा पिणारा कुत्रा पाहणाऱ्याला गोड दिसतो, पण धूळ आणि किडे त्याच्या डोळ्यांत जातात. स्कूटरच्या पावठाणावर कुत्रा उभा करून नेण्याची रीत आपल्याकडे रूढ आहे. समोर दुसरे कुत्रे दिसताच तो उडी घेतो आणि स्वतःबरोबर चालकालाही घेऊन पडतो. ही रीत सोडून दिलेली बरी.

इतकी पूर्वतयारी झाल्यावर आता वर्षाचा फेरा पाहू. जानेवारी आणि फेब्रुवारीचा पूर्वार्ध हा कुत्र्याला घेऊन बाहेर पडण्यास उत्तम काळ. पहाटे धुके असते, ऊन सौम्य असते, पाऊस नसतो. २६ जानेवारीला शाळेतील ध्वजवंदन आटोपल्यावर दुपार टळली, की नदीकाठी, मळ्याच्या बांधावर किंवा सड्यावर त्याला मनसोक्त फिरवावे. नदीकाठ निवडताना मात्र स्थलज्ञान हवे. कुंभारजुव्याच्या कालव्यात आणि त्याच्या आसपासच्या खाजणांत मगरी आहेत; तेथे कुत्र्याला पाण्यात उतरू देणे म्हणजे संकटाला आमंत्रण देणे होय.

याच काळात आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या प्रारंभापर्यंत मोरजी, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे रात्री अंडी घालण्यास येतात. एकेक मादी वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी पुरते आणि समुद्रात परत जाते. दीड ते दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात. कुत्र्याच्या नाकाला वाळूखालची अंडी लगेच समजतात आणि पंजांच्या चार फटकाऱ्यांत अख्खे घरटे उद्ध्वस्त होते. त्यात कुत्र्याचा दोष नाही. उकरणे हा त्याचा स्वभावधर्म आहे. दोष साखळी सोडणाऱ्या हाताचा. अशा किनाऱ्यांवर आपला कुत्रा मुळीच नेऊ नये आणि इतर किनाऱ्यांवरही वाळूत विसावणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांच्या मागे त्याला सोडू नये. हजारो मैल उडून आलेल्या त्या इवल्या जीवांना विश्रांतीची फार गरज असते.

अभयारण्यांविषयीही हेच सांगावयाचे. भगवान महावीर, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव ही आपली अभयारण्ये आणि चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य ही वन्य जीवांची घरे आहेत. तेथे पाळीव कुत्र्याला स्थान नाही. हा नियम कोणाला कठोर वाटेल, परंतु त्यामागे कारण आहे. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर हा रोग रानातील प्राण्यांनाही होतो. १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या रानात या रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह मृत्युमुखी पडले. २०१८ साली आपल्या गीरच्या जंगलात थोड्याच दिवसांत वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यांतील काहींच्या शरीरात याच रोगाचे विषाणू आढळले. दूधसागर पाहण्याची सहल असेल, त्या दिवशी कुत्रा घरीच राहील, असे वर्षारंभी लिहून ठेवावे.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून कार्निव्हाल, शिवरात्र आणि शिगमा यांची धामधूम सुरू होते. ढोल, ताशे, रोमटामेळ आणि चित्ररथ पाहताना आपले भान हरपते. कुत्र्याचे कान मात्र आपल्याहून फार तीक्ष्ण असतात. मनुष्याला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक कंपनांचा. जो गजर आपल्याला उत्साह देतो, तो त्याला पळून जाण्याची बुद्धी देतो. अंगावर पडलेला रंग तो चाटून काढतो आणि तो त्याच्या पोटात जातो. म्हणून मिरवणुकीला आपण जावे. त्याला घराच्या आतल्या खोलीत ठेवावे आणि पहाटेचा फेरफटका तेवढा चुकवू नये.

उन्हाळ्यात एक साधी कसोटी लक्षात ठेवावी. रस्त्यावर किंवा वाळूवर आपल्या हाताची पालथी बाजू सातआठ सेकंद ठेवून पाहावी. आपल्याला चटका सहन होत नसेल, तर त्याच्या तळव्यांनाही तो सहन होणार नाही. १ मेची सुट्टी आणि मे महिन्याची दीर्घ रजा यांत बाहेर जाणे सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतरच असावे. आंबोलीसारख्या उंच ठिकाणी हवा थोडी सुखद असते, पण तेथे पोहोचण्यासाठीचा प्रवासही पहाटेच उरकावा. रानाच्या कडेने राहणाऱ्यांनी रात्री कुत्र्याला बाहेर बांधू नये. बिबट्याला ती सोपी शिकार वाटते.

याच दिवसांत सत्तरी तालुक्याकडे किंवा सीमेपलीकडील रानांकडे जाणाऱ्यांनी गोचिडींची धास्ती बाळगावी. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेलेला माकडताप रानातील गोचिडींमुळे माणसांना होतो; २०१५ साली सत्तरीत त्याचा मोठा उपद्रव झाला. हिवाळ्यापासून मेपर्यंत त्याचा जोर असतो. पाचोळ्यातून हुंदडलेला कुत्रा रानातील गोचिडी अंगावर घेऊन घरात येऊ शकतो. शिवाय कुत्र्याला गोचिडींपासून स्वतंत्र रक्तरोगही होतात. म्हणून ज्या गावी माकडे मरून पडल्याची वार्ता असेल, तेथील रानात आपणही जाऊ नये आणि त्यालाही नेऊ नये. अन्यत्र फिरून आल्यावर कानांच्या मागे, बोटांच्या बेचक्यांत आणि काखेत हात फिरवून पाहावे. गोचीड सापडल्यास ती बोटांनी चिरडू नये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी आणि हात साबणाने धुवावेत.

जून उजाडला, की आपल्या भूमीवर पर्जन्यराजाचे साम्राज्य सुरू होते. १५ ऑगस्टच्या सुट्टीत धबधब्यांवर झुंबड उडते. निसरडे खडक आणि अकस्मात वाढणारे पाणी माणसांचेही प्राण घेते. तेथे साखळीला बांधलेला कुत्रा स्वतःसह धन्यालाही ओढून नेऊ शकतो. साचलेल्या पाण्यात उंदीरघुशींच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू मिसळलेले असतात आणि हा रोग कुत्र्याला तसाच मनुष्यालाही होतो. त्याची लस पावसाळ्यापूर्वी द्यावी ती यासाठीच. गवत वाढलेले असते, सर्प बाहेर पडलेले असतात आणि कुत्रा नाक खुपसल्यावाचून राहत नाही. म्हणून पावसाळ्यातील सुट्टी म्हणजे उघडीप पाहून डांबरी रस्त्याने काढलेली छोटी फेरी आणि परतल्यावर पंचाने पुसून कोरडे केलेले अंग, एवढ्यावरच समाधान मानावे.

यानंतर येते ती चवथ. वर्षातील सर्वांत आनंदाची आणि कुत्र्याच्या दृष्टीने सर्वांत कठीण सुट्टी. पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को येथे नोकरीधंद्यानिमित्त राहणारी कुटुंबे गणपतीसाठी मूळ घरी जातात. शहरातली घरे दीड दिवस, पाच दिवस, कधी त्याहून अधिक दिवस बंद राहतात. मूळ घर भरलेले असते, सोवळेओवळे असते, पाहुण्यांत कोणी कुत्र्याला भिणारे असते, गावातील कुत्र्यांना हा शहरी पाहुणा खपत नाही. मग त्याला बंद घराच्या आवारात सोडून जाण्याचा मोह होतो. पण भात दुसऱ्या दिवशी आंबतो, पाणी सांडते, आणि तो फाटकापाशी बसून प्रत्येक गाडीच्या आवाजाला उठून उभा राहतो. कित्येकदा तो फटीतून निसटतो आणि आपल्याला शोधत रस्त्याला लागतो. त्या रस्त्यावर सणाची रहदारी असते.

यावर उपाय तीन. मूळ घरच्या वडीलधाऱ्यांना आधी विचारून, त्यांची संमती असेल तर त्याला बरोबर न्यावे आणि परसातील एक शांत खोली त्याच्यासाठी ठरवून घ्यावी. ते शक्य नसेल, तर त्याच्या ओळखीचा शेजारी किंवा नातेवाईक दिवसातून दोनतीनदा येऊन खाऊ घालील, फिरवील आणि तासभर सोबत करील, अशी व्यवस्था करावी. ख्रिस्ती शेजाऱ्याने चतुर्थीला हिंदू शेजाऱ्याचा कुत्रा सांभाळावा आणि नाताळात त्याची परतफेड व्हावी, यासारखी सुंदर देवघेव दुसरी नाही. तिसरा उपाय म्हणजे कुत्रे सांभाळणाऱ्या चांगल्या ठिकाणी त्याला ठेवणे. मात्र ते ठिकाण आधी स्वतः पाहावे आणि एखादी रात्र ठेवून त्याला सवय करावी. सणाच्या तोंडावर तेथे जागा मिळत नाही. म्हणून ही तजवीज जुलैमध्येच करावी.

गांधी जयंतीच्या सुमारास पाऊस ओसरतो. सडे रानफुलांनी बहरलेले असतात. २ ऑक्टोबर ही तारीख पक्की असल्याने कुत्र्यासह वनभोजनाचा बेत याच दिवशी आखावा. शिदोरी बांधताना त्याचे जेवण वेगळे बांधावे. कांदा, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट हे पदार्थ त्याला विषासमान आहेत. शिजलेल्या कोंबडीची हाडे मोडून टोकदार होतात आणि आतड्यात रुततात. त्याची विष्ठा उचलण्यास कागदी पिशवी बरोबर ठेवावी. आपला कुत्रा आपल्याला प्रिय आहे, म्हणून त्याची घाण इतरांनी सोसावी, असे होत नाही.

दिवाळी हा मुक्कामाचा सण. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपल्याकडे नरकासुराचे दहन होते. रात्रभर कर्ण्यांचा आवाज आणि फटाक्यांचे बार चालू असतात. या रात्री अनेक कुत्रे भयाने दावे तोडून पळतात. त्या दिवशी त्याला कोठेही नेऊ नये आणि एकटेही सोडू नये. संध्याकाळ होण्यापूर्वी फिरवून आणावे, खिडक्या लावून घ्याव्यात, आतल्या खोलीत त्याचे अंथरूण टाकावे आणि कोणीतरी जवळ बसावे. नेपाळमध्ये याच चतुर्दशीला ‘कुकुर तिहार’ म्हणून कुत्र्यांची पूजा करतात. त्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा घालतात, कपाळी टिळा लावतात आणि गोडधोड खाऊ घालतात. एकाच तिथीला एका मुलखात कुत्र्याला माळ मिळते आणि दुसऱ्या मुलखात धडकी मिळते, हे विचार करण्याजोगे आहे.

डिसेंबरमध्ये हवा पुन्हा सुखद होते. ३ डिसेंबरच्या जुन्या गोव्यातील फेस्ताच्या गर्दीत कुत्र्याला नेऊ नये. १९ डिसेंबरला मात्र सकाळी गावाबाहेरच्या शांत वाटेने त्याच्यासह दोनतीन मैल चालण्यासारखा आनंद नाही. नाताळचा केक मनुकांनी भरलेला असतो, तो त्याच्या तोंडापासून दूर ठेवावा. ३१ डिसेंबरच्या रात्री दिवाळीचेच पथ्य पाळावे.

कोठेही फिरताना भटक्या कुत्र्याने आपल्याला चावा घेतला, किंवा आपल्याच कुत्र्याचा दात लागला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. हळद, चुना, तेल यांचे लेप लावण्यात वेळ दवडू नये. ही गोष्ट घरी लपवून ठेवणारी मुले असतात. शिक्षा झाली तरी चालेल, पण सांगावे, कारण येथे प्रश्न प्राणांचा आहे.

वर्षाचा हा फेरा पाहिल्यावर कोणी म्हणेल, की एवढ्या निर्बंधांत आनंद उरला कोठे? पण नीट मोजून पाहिल्यास २६ जानेवारीची दुपार, २ ऑक्टोबरचे वनभोजन, १९ डिसेंबरची पहाट आणि अधूनमधून येणारे कितीतरी रविवार कुत्र्यासाठी मोकळे राहतातच. त्याला दूरचे स्थळ पाहण्याची हौस नसते. दूधसागर आणि घरामागचा मळा यांत तो भेद करीत नाही. तेथे आपण बरोबर आहोत का आणि आपल्याला घाई आहे का, एवढेच तो पाहतो. कुत्र्याचे आयुष्य बहुधा दहा ते पंधरा वर्षांचे असते. तुम्ही पाचवीत असताना घरी आलेले पिल्लू तुमचे महाविद्यालयीन शिक्षण पुरे होईपर्यंत म्हातारे झालेले असेल. म्हणजे त्याच्या वाट्याला येणाऱ्या चतुर्थ्या आणि दिवाळ्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत.

यंदाची दिनदर्शिका घरी येईल, तेव्हा वडीलधाऱ्यांचा बेत ठरण्याची वाट पाहू नका. पेन्सिल घ्या आणि प्रत्येक सुट्टीपुढे तीनांपैकी एक शब्द लिहा : ‘बरोबर’, ‘शेजारी’ किंवा ‘घरीच’. लसीची तारीख लिहा, गोचिडींच्या औषधाची तारीख लिहा, ज्यांच्याकडे त्याला ठेवणार त्यांचे नाव लिहा आणि तो कागद आईवडिलांपुढे ठेवा. ज्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही, त्याची बाजू आपण मांडायला शिकलो, तर तेही शिक्षणच होय. आणि ते एकदा अंगी बाणले, की त्याचा उपयोग केवळ कुत्र्यापुरता राहत नाही.